मुंबई तेवढी राहिली

मे महिन्यात गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत जो पाहुणा उतरतो तो ‘मुंबई बघायला आलोय’ असं जाहीर करूनच उतरतो, आणि पुढचे आठ-दहा दिवस मुंबई सोडून बाकी सगळं बघतो. डोंबिवलीच्या मावशीचा नवा फ्लॅट बघतो. नालासोपाऱ्याच्या चुलत्याचं ऑपरेशन झालेलं असतं, त्याला बघून येतो. रानडे रोडवर साड्या बघतो, आणि त्यातली एक घरी आणल्यावर आवडत नाही म्हणून ती बदलायला पुन्हा रानडे रोड बघतो. लालबागच्या मिरची गल्लीत उभं राहून वर्षाचा मसाला कुटून घेतो. गावाहून निघताना शेजाऱ्यांनी कोणाचे तरी रिपोर्ट हातात दिलेले असतात. ते दाखवण्यासाठी परळला केईएमच्या ओपीडीची रांग आतून-बाहेरून बघतो. मंगळवारी सिद्धिविनायक होतो. एखादं लग्न होतं, एखादा साखरपुडा होतो. असं करता करता सुट्टी संपत येते, परतीचं तिकीट देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागून बाहेर निघतं, आणि रात्री जेवताना कोणाच्या तरी तोंडून वाक्य येतं, ‘अरे, मुंबई तेवढी राहिली की!’ मग उद्याचं ठरतं. उद्या म्हणजे शेवटचा दिवस. गेटवे, म्युझियम, राणीची बाग, म्हातारीचा बूट, तारांगण, हाजी अली, गिरगाव चौपाटी आणि रात्रीची कोकणकन्या एवढा ऐवज त्या एका दिवसात बसवायचा असतो. आणि तो बसतो.

या रीतीला नावं ठेवणारा एक वर्ग प्रत्येक कुटुंबात असतो. हा वर्ग सहसा पुण्याला राहतो किंवा बँकेतून निवृत्त झालेला असतो. पहिल्याच दिवशी वही काढावी, रोज दोन स्थळं याप्रमाणे यादी करावी, शेवटचा दिवस सामान बांधायला मोकळा ठेवावा, असं त्याचं म्हणणं. ऐकायला हे इतकं बिनतोड वाटतं, की आजवर कोणी ते अमलात कसं आणलं नाही याचं आश्चर्य वाटावं. पण एखादी रीत इतकी वर्षं, इतक्या चाळींतून, इतक्या वेगवेगळ्या जातीधर्मांच्या कुटुंबांत कोणीही न शिकवता चालू राहते, तेव्हा तिला गबाळेपणा म्हणण्याआधी थोडा विचार करायला हवा. माझं मत सरळ आहे. मुंबई बघायला सुट्टीच्या शेवटच्या दिवसाइतका योग्य दिवस दुसरा नाही, आणि ज्यांनी ती पहिल्या दिवशी बघितली त्यांचं पुढे काय झालं हे विचारायला ते लोक परत कोणाच्या घरी बोलावले गेलेले नाहीत.

आधी शास्त्राधार देतो, म्हणजे पुण्याची मंडळी शांत होतील. सुझान शू आणि आयलेट ग्नीझी या दोन संशोधकांनी २०१० मध्ये, माणसं सुखाची कामंसुद्धा पुढे का ढकलतात, यावर निबंध लिहिला. दाताच्या डॉक्टरकडे जाणं लांबणीवर टाकणारा माणूस समजू शकतो, पण केक खाणं लांबणीवर टाकणारा? तर तोही असतो. फुकट केकचं कूपन दोन महिने मुदतीचं दिलं तर तीन आठवडे मुदतीच्या कूपनापेक्षा कितीतरी कमी लोक ते वापरतात, असं त्यांना दिसलं. त्याहून आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. शिकागोत दोन-तीन आठवड्यांसाठी आलेल्या माणसांनी तिथली जितकी प्रेक्षणीय स्थळं पाहिली होती, तितकी तिथे वर्षभर राहिलेल्यांनीही पाहिली नव्हती. आणि शहर सोडून जायची वेळ आलेल्यांनी मात्र निघण्याआधी ती घाईघाईने उरकून घेतली होती. गिरगावात हा निष्कर्ष ऐकून कोणी भुवई वर करणार नाही. ज्याची मुदत संपत नाही ती गोष्ट माणूस बघत नाही, एवढंच त्यात आहे, आणि मुंबईकराची मुदत तर कधीच संपत नसते. म्हणून तर आयुष्य प्रार्थना समाजाजवळ काढलेल्या माणसाला राणीच्या बागेत कोणत्या दरवाजाने शिरायचं हे पाहुण्यांसमोर चाचरत शोधावं लागतं. पाहुण्याचं तिकीट हीच त्याची मुदत.

मराठीत मुंबईचं पहिलं सविस्तर वर्णन कोणी लिहिलं हेही इथे बघण्यासारखं आहे. ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक १८६३ सालचं आणि लेखक गोविंद नारायण माडगांवकर. मूळचे गोव्याचे. लहानपणी मुंबईला आले, इथेच शिकले, इथेच शिकवलं, आणि चार दशकं शहरात काढल्यावर शहराचं वर्णन लिहायला बसले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६५ मध्ये, ते वारले. म्हणजे मुंबई नीट बघणारा पहिला मराठी माणूस बाहेरचा होता, आणि त्यानेही हे काम शेवटाकडेच केलं. परंपरा म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

बरं, ही खोड पाहुण्यांपुरतीही नाही. हे अख्खं शहरच शेवटच्या दिवसाचं आहे. ट्राम मुंबईत १८७४ पासून धावत होती, आधी घोड्यांची, मग १९०७ पासून विजेची. तिच्या संथपणाला शिव्या देण्यात दोन-तीन पिढ्या गेल्या. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला निघाली, तेव्हा मात्र तिला बघायला रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी. बेस्टच्या जुन्या डबल डेकरचं तेच. वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीजवळची जागा रिकामी दिसली तरी ‘चढा कोण’ म्हणून खाली लोंबकळणारे लोक १५ सप्टेंबर २०२३ ला, तिच्या शेवटच्या दिवशी, हार घेऊन अंधेरीला हजर होते. आणि गणपतीचं काय? दहा दिवस मूर्ती मांडवात असते. पण लालबाग-परळचे रस्ते खऱ्या अर्थाने भरतात ते अनंत चतुर्दशीला, राजा निघतो तेव्हा. गिरगाव चौपाटीवर तो दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा त्याहूनही उशिरा पोचतो, तोवर लोक उभे असतात. ज्या शहराचा सगळ्यात मोठा दिवस हा निरोपाचा दिवस आहे, त्या शहराने आपलं दर्शन पाहुण्याला पहिल्या दिवशी द्यावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

पण हे सगळे वरवरचे पुरावे झाले. खरं कारण खोलीत आहे. एन. एम. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत एक खोली १६० चौरस फुटांची. गिरगावातल्या चाळीत याहून फार मोठं काही नसतं, आणि असलं तर मध्ये एक माळा आणि एक आजोबा असतात. अशा खोलीत आधीची पाच-सहा माणसं आणि वर चार पाहुणे. पाहुण्याला ‘कधी निघणार’ असं विचारणं मराठी माणसाला जन्मात जमत नाही. मनात कितीही असलं तरी तोंडातून ‘राहा हो अजून चार दिवस, जाऊन काय करायचंय’ असंच निघतं. पाहुणाही काही भोळा नसतो, पण समोरून आग्रह झाला तर तो मोडायचा कसा? या कोंडीतून दोन्ही पक्षांची अब्रू राखून बाहेर पडायचा मार्ग म्हणजे मुंबई दाखवणं. ‘भावोजी, उद्या जरा तुम्हाला मुंबई फिरवून आणू या’ हे वाक्य घरातल्या कर्त्या पुरुषाने उच्चारलं, की भावोजी बॅगेची चेन तपासायला उठतात. कोणी कोणाला काही म्हटलेलं नसतं. वहिनी डोळ्यांना पदर लावून ‘इतक्यात निघालात सुद्धा’ म्हणायला मोकळ्या, आणि लाडवांचा डबा भरायलाही मोकळ्या.

आता याच व्यवहाराची उलट बाजू बघा. समजा, यादीवाल्यांच्या सल्ल्याने पहिल्याच दिवशी गेटवे, म्युझियम आणि चौपाटी उरकली. मग दुसऱ्या दिवसापासून पाहुणा खोलीत कशासाठी आहे? मुंबई बघायला आला होता. ती तर झाली. त्याला नवव्या दिवसापर्यंत राहायला सबब उरत नाही आणि यजमानाला त्याला हलवायला साधन उरत नाही. दोघंही एकमेकांसमोर पेपर उघडून बसतात. न बघितलेली मुंबई ही त्या दहा दिवसांची अनामत रक्कम आहे. ती शेवटी परत करायची असते. पुनर्विकासात आता बीडीडी चाळींच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली आहेत. जागा तिप्पट झाली की मुक्कामही त्याच प्रमाणात वाढतो का, हे येत्या काही मे महिन्यांत कळेलच. माझा अंदाज, वाढतो, आणि मुंबई तरीही शेवटच्याच दिवशी बघितली जाते.

या शेवटच्या दिवसाची सुरुवात गेटवेपासून होते यातही औचित्य आहे, फक्त ते कोणी बोलून दाखवत नाही. डिसेंबर १९११ मध्ये राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरणार होते, त्यांच्या स्वागतासाठी ही कमान. पायाचा दगड ३१ मार्च १९११ ला बसवला. पाहुणे नऊ महिन्यांत येणार, आणि आपल्याकडे तर अजून नकाशाही पक्का नव्हता. राजा आला, कमान नसलेल्या बंदरावर उतरला आणि गेला. जॉर्ज विटेटच्या आराखड्याला मंजुरी मिळाली १९१४ मध्ये, आणि कमान खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. ज्या पाहुण्यासाठी मांडव घातला तो जेवून, हात धुऊन, घरी जाऊन तेरा वर्षं झाली होती. कमानीपर्यंत एक ऐटबाज रस्ता करायचा बेत होता; त्याला पैसे उरले नाहीत. म्हणून तर ती आजही समोरच्या रस्त्याशी तिरकी उभी आहे, आणि फोटो सरळ यावा म्हणून फोटोवाले माणसांना कबुतरांमधून डावीकडे सरकवत असतात. एवढं करून ती ओळखली जाते कशासाठी? २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी तिच्याखालून बोटीकडे गेली त्यासाठी. स्वागताला उशीर झाला, पण निरोपाला कमान वेळेवर तयार होती. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी तिथे पाहुण्याला उभं करून फोटो काढणारा यजमान इतिहासाला धरूनच वागत असतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की एका दिवसात सात स्थळं बघणं म्हणजे काहीच न बघणं. आक्षेप घेणारे लोक म्युझियमचं उदाहरण हटकून देतात. खरं आहे, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, नीट बघायला एक दिवस पुरत नाही. पण त्या म्युझियमने तरी घाई कुठे केली? १९०५ मध्ये पायाचा दगड बसला, १९१४ मध्ये इमारत झाली, मग महायुद्ध आलं म्हणून तिथे लष्करी इस्पितळ भरलं, आणि लोकांना आत सोडलं १९२२ च्या जानेवारीत. इमारतीने सतरा वर्षं घेतली आणि पाहुण्याने पाऊण तास घेतला, यात हिशेब चुकत असेल तर दोन्हीकडून चुकतो. शिवाय मुंबईतली बरीचशी स्थळं ही जाता जाता बघण्यासाठीच आहेत. राजाबाई टॉवरवर चढू देत नाहीत. तो ओव्हल मैदानाच्या कडेनेच बघायचा. मरीन ड्राइव्हच्या इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण त्यांच्या आत लोक राहतात, त्यामुळे त्यांचे वाळत घातलेले टॉवेलच बघता येतात. सी-लिंकवर थांबायला बंदी. अल्टामाउंट रोडवरचं ते सत्तावीस मजल्यांचं घर मान वाकडी करून मजले मोजण्यासाठी आहे, आणि मोजून होण्याआधी टॅक्सी वळतेच. अशा शहराला धावती नजर पुरते.

जिथे खरोखर रेंगाळता येतं तिथे पाहुणे रेंगाळतात, फक्त ती जागा कोणती हे ठरवायचा हक्क त्यांचा असतो. राणीच्या बागेच्या दारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ चं, आतून सोनेरी नक्षीने नटलेलं. त्याच्या आवारात तो दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यामुळे पोर्तुगीजांनी घारापुरीचं नाव एलेफंटा केलं. म्हणजे बोटीचा खर्च वाचवून मूळ हत्ती भायखळ्यातच बघता येतो. बघतं कोण? सगळे त्याला वळसा घालून पेंग्विनकडे पळतात. २०१६ मध्ये आणलेले हे हम्बोल्ट पेंग्विन वातानुकूलित दालनात राहतात, आणि मे महिन्याच्या दुपारी त्या दालनात शिरलेल्या मालवणच्या माणसाला पक्षिशास्त्राची जी गोडी लागते ती शाळेत असताना कधी लागली नव्हती. तीन पिढ्या काचेला नाक लावून उभ्या राहतात. मागचे ‘चला पुढे, चला पुढे’ करतात. पेंग्विन बघून कधीच झालेले असतात. गारवा बघून व्हायचा असतो.

दुसरा आक्षेप मुंबईकराच्या वतीने घेतला जातो. तो म्हणे हे सगळं रोजच बघतो, त्याला पाहुण्याची आणि शेवटच्या दिवसाची काय गरज? हे साफ खोटं आहे. तो रोज फक्त इंडिकेटर बघतो. व्हीटी स्टेशन बांधायला एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सला १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं लागली. दगडाचे मोर, माकडं, सरडे, गटाराच्या तोंडाशी बसवलेले हिंस्र प्राणी, काही म्हणून त्याने सोडलं नाही. त्याखालून रोज लाखो माणसं जातात आणि त्यांना माहीत असतं ते एवढंच, की स्लो लोकल कोणत्या प्लॅटफॉर्मला लागली. मग शेवटच्या दिवशी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून कुडाळचा भाचा विचारतो, ‘मामा, ती वरती मशाल घेतलेली बाई कोण?’ मामा पन्नास वर्षं या इमारतीतून ये-जा करत असतो. तो प्रथमच मान वर करतो, बाई असल्याची खात्री करून घेतो आणि ठामपणे म्हणतो, ‘राणी.’ ती राणी नाही, ती प्रगतीची मूर्ती आहे. राणीचा पुतळा खाली होता, तो कधीच हलवला. पण मामाला ती बाई दिसली तरी, हे भाच्याचे उपकार. शिवाय आता मुंबईकराच्या न बघण्याची सरकारी सोयही झाली आहे. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत जाते. दादरला जमिनीत शिरायचं, गिरगाव, काळबादेवी, हुतात्मा चौक सगळं डोक्यावरून जाऊ द्यायचं आणि मुंबईचा एक दगडही नजरेला न पडता दुसऱ्या टोकाला वर यायचं. कोस्टल रोडचा बोगदा तर मलबार हिलच्या पोटातून जातो. वर हँगिंग गार्डन, खाली आपण. पाहुणा नसता तर दक्षिण मुंबई बघायची ती फक्त पुलाखाली अडकलेल्या टॅक्सीतून.

तिसरा आक्षेप पंचांगाचा आहे आणि तो मी मानतो. शेवटचा दिवस कोणता वार निघेल हे तिकिटावर ठरतं, आणि मुंबईतली स्थळं आपापल्या वारी बंद असतात. बुधवारी राणीची बाग बंद, तिथलं संग्रहालयही बंद. सोमवारी तारांगण बंद, घारापुरीची लेणीही बंद. तिकीट मिळालं बुधवारचं तर पेंग्विन गेले. त्यात आपल्या शाळा विदर्भ वगळता साधारण १५ जूनला उघडतात आणि मुंबईत पाऊस सरासरीने ११ जूनला दाखल होतो, म्हणजे सुट्टीचा शेवट आणि पावसाची सुरुवात एकाच आठवड्यात येते. यादीवाले इथे विजयी मुद्रेने बघतात. पण पावसाने या दिवसाचं नुकसान होतं असं कोणी सांगितलं? मे महिन्यातला मरीन ड्राइव्ह म्हणजे तव्यासारखा तापलेला कठडा. त्याच कठड्यावर जूनच्या भरतीत लाट उसळते आणि पूर्ण कुटुंब, नव्या साडीसकट, एका फटक्यात भिजतं. गावी गेल्यावर सात स्थळांची नावं विसरतात, ही लाट विसरत नाहीत. वर्णनात ती दरवर्षी एका मजल्याने वाढते.

शेवटचा दिवस उजाडलाच नाही तर, हा आक्षेप सगळ्यात गंभीर. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर सचिन तेंडुलकरची शेवटची, दोनशेवी कसोटी होती. सामना गुरुवारी सुरू झाला. ज्यांना रोज जाणं शक्य नव्हतं त्यांनी साहजिकच चौथ्या दिवसाचा बेत केला असणार, कारण चौथा दिवस रविवार होता. वेस्ट इंडिजने मात्र शनिवारी जेवणाच्या सुट्टीच्या आतच सामना संपवून टाकला. सचिनने भाषण केलं, मैदानाच्या मधोमध जाऊन खेळपट्टीला नमस्कार केला, लोक रडले, आणि दादरचा सुज्ञ माणूस हे सगळं टीव्हीवर बघत रविवारचा डबा काय न्यायचा याचा विचार करत बसलेला. या उदाहरणाला माझ्याकडे चोख उत्तर नाही. एवढंच म्हणेन, की सचिनला निवृत्तीची तारीख ठरवता आली, पण वेस्ट इंडिजचे फलंदाज त्याच्या हाती नव्हते. रेल्वेचं तसं नाही. कोकणकन्या सुट्टी संपायच्या दोन दिवस आधीच सुटली, असं कधी ऐकिवात नाही.

आणि शेवटच्या दिवसाचा एक फायदा यादीवाल्यांच्या ध्यानातच येत नाही. त्यात सगळं कधीच बसत नाही. एक स्थळ राहतं, आणि ते राहायलाच हवं असतं. बहुधा ते घारापुरी असतं. गेटवेहून बोटीने तासभर जायचं, तासभर यायचं, वर शंभरावर पायऱ्या. शेवटच्या दिवसाच्या घाईत हे बसणार नाही हे यजमानालाही ठाऊक असतं आणि पाहुण्यालाही. तरी बोटींकडे हात करून ‘ती तिकडे घारापुरी’ असं सांगितलं जातं, सगळे कपाळावर हात धरून समुद्राकडे बघतात, आणि पाहुण्यांमधली सगळ्यात वडीलधारी व्यक्ती म्हणते, ‘घारापुरी रवली. फुडच्या वर्सा बघूया.’ यजमानीणबाई हसून मान डोलावतात. पुढच्या मे महिन्याचं आरक्षण तिथल्या तिथे झालेलं असतं, तेही रेल्वेच्या आरक्षणाच्या किती तरी आधी.

एकच प्रसंग असा आहे, की ज्यात ही सगळी व्यवस्था कोलमडते, आणि त्याला कारणीभूत आहे तुतारी एक्स्प्रेस. ही गाडी सावंतवाडीला जायला दादरहून मध्यरात्र उलटून पाच मिनिटांनी सुटते. तिकिटावर तारीख असते सोमवारची, म्हणजे स्टेशनवर पोचायचं असतं रविवारी रात्री. घड्याळ आणि पंचांग यांच्या मधल्या या पाच मिनिटांत किती कुटुंबं फसली असतील याची मोजदाद रेल्वेकडेही नसावी. रविवारी दिवसभर मुंबई बघून, पाय सुजवून, भेळ खाऊन पाहुणे घरी येऊन निवांत झोपतात. गाडी सोमवारी रात्री आहे या भरवशावर. सकाळी चहाच्या वेळी शेजारचे जाणते काका तिकीट चष्म्याजवळ नेऊन बघतात आणि बातमी सांगतात. आता पुढचं तिकीट तत्काळमध्ये मिळेल तेव्हा. खोलीत दहा माणसं, लाडवांचा डबा भरून दोरीने बांधलेला, निरोपाचं रडून झालेलं, आणि दाखवायला मुंबई शिल्लक नाही. यजमान थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहतो. मग त्याला एकदम आठवतं, घारापुरी राहिली आहे. तो उत्साहाने आत येतो, सगळ्यांना कपडे करायला सांगतो, आणि दारातच त्याच्या लक्षात येतं, की आज सोमवार.